थकबाकीदारांत घरचीच माणसे असतील तर अध्यक्षाने भीती कशी ओलांडावी, आणि बाकीचे सभासद कशाने वळतात?

शेवटचीचारी (प्रश्नकर्ती)

नमस्कार. निफाड तालुक्यातील आमच्या गावच्या पाणीवापर संस्थेची (कालव्याचे पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेची) मी गेल्या वर्षापासून अध्यक्ष आहे. शेत माझ्या नावावर असल्यामुळे मी सभासद झाले आणि निवडणुकीत दोन गटांचे एका नावावर जमेना म्हणून माझे नाव पुढे आले. मी सह्या करीन, यापलीकडे बहुतेकांची माझ्याकडून काही अपेक्षा नसावी.

संस्थेचे दुखणे जुनेच आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुटले की वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) सुरुवातीचे शेतकरी हवे तितके पाणी घेतात आणि शेवटच्या चाऱ्यांना (शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटांना) पाणी पोहोचते न पोहोचते तोच वरून आवर्तन बंद होण्याची वेळ येते. ज्यांना भरपूर पाणी मिळते त्यांच्यापैकीच अनेकांची पाणीपट्टी थकलेली आहे. थकबाकी वाढली की संस्थेला पाटबंधारे खात्याची देणी वेळेवर भरता येत नाहीत, चारीतले गवत आणि गाळ काढायला पैसा उरत नाही, आणि त्यामुळे पुढच्या वेळी पाणी आणखी हळू सरकते.

रब्बीच्या पहिल्या आवर्तनापूर्वी सर्वसाधारण सभा घ्यायची आहे. थकबाकीचा ठरावीक हिस्सा भरल्याशिवाय पाणी सोडायचे नाही आणि प्रत्येक चारीला क्षेत्राप्रमाणे तास ठरवून द्यायचे, असे दोन विषय मला मांडायचे आहेत. अडचण अशी की मोठ्या थकबाकीदारांपैकी एक माझे चुलत सासरे, तात्या, आहेत. सभेत ते पहिल्या रांगेत बसतात आणि मी उभी राहिले की हसून म्हणतात, "बोला सूनबाई." त्यांच्या मनात वाईट काही नसते, तरी ते शब्द कानावर पडले की माझ्या हातातला कागद हलू लागतो, घसा कोरडा पडतो आणि मूळ मुद्दा बाजूला ठेवून मी जमाखर्च वाचून खाली बसते.

दुसरी गोष्ट मला अधिक कोड्यात टाकते. माझ्या आधीच्या अध्यक्षांच्या काळात थकबाकीचा असाच ठराव एकमताने मंजूर झाला होता. सगळ्यांनी हात वर केले होते, टाळ्याही वाजल्या होत्या, आणि त्यानंतर एकानेही पैसे भरले नाहीत. तेव्हा माझे दोन प्रश्न आहेत. मनातली भीती जाईपर्यंत थांबावे, की ती असतानाच पुढे व्हावे? आणि गावात एखादी गोष्ट पसरते ती वजनदार माणसांमुळे, की साध्या सभासदांमुळे? जाणकारांनी कृपया अनुभवाचा किंवा अभ्यासाचा आधार देऊन लिहावे.

समुपदेशक_नाशिक

ताई, आपण दोन प्रश्न विचारले असले तरी माझ्या मते त्यांचे मूळ एकच आहे. चारचौघे काय करतील याकडे डोळे लावून बसणे हेच आपल्या भीतीचे कारण आहे आणि हात वर करूनही पैसे न भरणाऱ्या सभासदांच्या वागण्याचेही. मी भीतीच्या बाजूने सुरुवात करतो.

आपला हात थरथरतो हे आपल्याला जितके ठळक जाणवते तितके ते समोरच्याला दिसत नाही. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना भाषण करायला सांगितले होते. मनातली अस्वस्थता श्रोत्यांना आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच कमी कळते, हे ज्यांना आधी नीट समजावून दिले होते, त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस ठरली. तसे त्यांना स्वतःला वाटलेच, पण ऐकणाऱ्यांचेही तेच मत पडले. धीर धरा, घाबरू नका, असला उपदेश त्यांना कोणी केला नव्हता, एक वस्तुस्थिती तेवढी सांगितली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कागदाचे म्हणाल तर तो हातात धरूच नका. जाड पुठ्ठ्याच्या फाइलला लावून टेबलावर ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त पहिली दोन वाक्ये लिहा, कारण अडखळण्याचा धोका तेथेच सर्वाधिक असतो.

आता ज्या क्षणी आपण मूळ मुद्दा सोडून जमाखर्चाकडे वळता, त्या क्षणाविषयी. त्या वेळी आपल्याला लगेच हायसे वाटत असणार. भीती टिकते ती त्या सुटकेच्या बळावर, कारण आपण बोललो असतो तर नेमके काय झाले असते हे मनाला कधी कळतच नाही आणि प्रत्येक माघारीनंतर धोका खरोखरच मोठा होता असे त्याला वाटू लागते. म्हणून भीतीवरील उपचारांत जी गोष्ट टाळली जाते तिला टप्प्याटप्प्याने सामोरे नेण्याची पद्धत इतकी वर्षे टिकून आहे. सभेपूर्वी एका वहीत अगदी नेमके भाकीत लिहून ठेवा. "सगळे बिघडेल" असे मोघम लिहू नका. "मी थकबाकीचा विषय काढला की तात्या उठून जातील, त्यांच्यामागे त्यांचे लोक जातील आणि सभा मोडेल," असे तपासता येईल असे लिहा. मग हाच विषय आधी संचालक मंडळाच्या बैठकीत काढा, नंतर एखाद्या चारीवरच्या सभासदांपुढे, आणि शेवटी सर्वसाधारण सभेत. प्रत्येक वेळी घडले काय ते भाकिताशेजारी लिहा. भीती पूर्ण जाईपर्यंत थांबण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण ती बहुधा कामानंतर ओसरते, आधी नाही.

मात्र एक भेद करायला हवा. सभेत बोलण्याची धास्ती ही एक भीती, आणि नात्यात वितुष्ट येण्याची दुसरी. पहिलीत मनाने वाढवून सांगितलेला भाग पुष्कळ असतो. दुसरी मात्र बरीचशी खरी असते. सामाईक बांध, सामाईक विहीर, उद्याचे लग्नकार्य या सगळ्यांत तात्या असणारच आहेत. या भीतीवर दीर्घ श्वास घेण्याचा काही उपयोग नाही. सभेआधी त्यांच्याशी काय बोलणे होते यावरच तिचे भवितव्य ठरेल.

शेवटी सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांविषयी. गटातील बाकी सर्वांनी आधी ठरवून धडधडीत चुकीचे उत्तर दिले, की खऱ्या सहभागी व्यक्तीची सुमारे एकतृतीयांश उत्तरे त्या चुकीकडे झुकत. प्रश्न रेघांच्या लांबीचा होता, एरवी लहान मूलही चुकणार नाही इतका सोपा. परंतु खरे उत्तर देणारा एकच माणूस गटात असला, तर चुकांचे हे प्रमाण आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर येई. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही: तो साथीदार मध्येच बहुमताला जाऊन मिळाला, की चुकांचे प्रमाण पुन्हा पूर्वीइतकेच वाढे. म्हणून ताई, आपल्यानंतर लगेच उठून बोलणारा एक सभासद आधी पक्का करा, आणि तो मनापासून तयार आहे ना, याची खात्री करून घ्या. आयत्या वेळी फिरणाऱ्यापेक्षा कोणी नसलेले बरे.

निवृत्त_शाखा_अभियंता

माझी नोकरी कालव्यावर गेली, म्हणून कालव्यापुरतेच बोलतो.

आपल्या जिल्ह्यात या विषयाचा वस्तुपाठ वाघाड प्रकल्पाने घालून दिला आहे. वाघाड धरण दिंडोरी तालुक्यात आहे आणि त्याच्या कालव्याचे शेपूट ओझरकडे येते. शेपटाकडच्या शेतकऱ्यांपर्यंत पाणी जवळपास पोहोचतच नव्हते. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तेथे शेतकऱ्यांना एकत्र केले, आणि १९९१ च्या सुमारास पहिल्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या त्या ओझरला, म्हणजे शेवटच्या टोकाला. तेथून ही रीत कालव्याने वर सरकत गेली. एकूण २४ संस्था झाल्या, आणि २००३ मध्ये त्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन आले. राज्याचा सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा त्यानंतर, २००५ साली झाला.

पाणी वरून खाली येते; ही गोष्ट मात्र खालून वर गेली. त्यामागे तत्त्वज्ञान काही नव्हते. शेवटच्या शेतकऱ्याकडे गमावण्यासारखे काही नसते, त्यामुळे पहिले पाऊल टाकण्याची त्याची तयारी सर्वांत अधिक असते. वरच्या भागातील शेतकऱ्याला भाषण ऐकवून पटत नाही. शेजारच्या संस्थेला मोजून पाणी मिळते, कोणते पीक घ्यायचे ते तिचे सभासद स्वतः ठरवतात आणि पाण्यासाठी कोणाच्या विनवण्या कराव्या लागत नाहीत, हे तो दोन हंगाम पाहतो आणि मग स्वतःहून चौकशीला येतो.

आपल्या एकमताच्या ठरावाबद्दल मला नवल वाटत नाही. हात वर करायला खर्च काही नव्हता. ठरावात कोण, किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि न भरल्यास पाणी कोण बंद करणार, यांपैकी काही नसेल, तर ठराव मंजूर झाला काय आणि नामंजूर झाला काय, पाटकऱ्याच्या, म्हणजे चारीची दारे उघडणाऱ्या माणसाच्या, हातात काहीच पडत नाही. आपण शेवटच्या दोन चाऱ्यांपासून सुरुवात करा. त्यांनी आधी पैसे भरावेत, त्यांचे तास ठरवावेत, आणि शेजपाळीप्रमाणे, म्हणजे ओळीने ठरलेल्या पाळीने, प्रत्येकाला पाणी किती वाजता मिळाले याची नोंद देवळाच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर लावावी.

शेवटचीचारी

आपणा दोघांचेही आभार. एक शंका आहे. शेवटच्या चाऱ्यांनी पैसे भरले, पण वरच्यांनी पाणी अडवलेच, तर खालच्यांचा माझ्यावरचा विश्वास कायमचा उडेल. वाघाडला काय झाले ते समजले. परंतु आमच्याकडे वरच्या भागातला एकही माणूस सोबत नसताना सुरुवात करणे धोक्याचे वाटते. तसेच तात्यांना सभेआधी भेटावे की भेटू नये, यावर घरात दोन मते आहेत.

समाजशास्त्र_शिकवणारा

आपली शंका रास्त आहे, आणि अभियंता महोदयांच्या मांडणीतील नेमक्या कच्च्या जागेवर आपण बोट ठेवले आहे. शेपटाकडच्यांची तयारी असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक साधे प्रतिमान मांडले. प्रत्येक माणसाच्या मनात एक आकडा असतो: इतके लोक पुढे झालेले दिसले, तर मीही पुढे होईन. समजा शंभर माणसे आहेत. एकाचा आकडा शून्य आहे, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असे करत शेवटच्याचा नव्याण्णव. मग पहिला उठला की दुसरा उठतो, त्या दोघांना पाहून तिसरा, आणि पाहता पाहता शंभरही उठतात. आता फक्त एक बदल करा: ज्याचा आकडा एक होता त्याचा दोन करा. पहिला उठतो आणि साखळी तेथेच तुटते. दोन्ही गावांतील माणसे जवळजवळ सारखीच आहेत; तरी बाहेरून पाहणारा एका गावाला जागृत म्हणेल आणि दुसऱ्याला मुर्दाड. आपल्या गावातील लोक बेफिकीर आहेत, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. कदाचित दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाची जागाच तेवढी रिकामी असेल.

अडचण अशी की हे आकडे कोणालाच दिसत नाहीत. भर सभेत हात वर करताना माणूस स्वतःचे मत सांगत नाही, तर शेजाऱ्यांना जे दिसावे असे त्याला वाटते ते दाखवतो. तिमूर कुरान या अर्थशास्त्रज्ञाने या विषयावर विस्ताराने लिहिले आहे. आपल्या एकमताच्या ठरावात बहुधा हेच घडले: मनात नसलेल्यांनी हात वर केले आणि मनात असलेल्यांनी ते ओळखून पैसे भरण्याचे टाळले. त्यावर उपाय म्हणून एक सुचवतो. सभेआधी प्रत्येक चारीवर जाऊन, एकेकट्याला गाठून, अटीसह विचारावे: "तुमच्या चारीतल्या निम्म्या लोकांनी भरले तर तुम्ही भराल का?" नुसते "भराल का" असे विचारले की उत्तर शिष्टाचाराचे मिळते, अट घातली की माणूस खरे बोलतो, कारण त्याच्या मनात अट असतेच. उत्तरांची बेरीज करून सभेत नावे न घेता चारीवार जाहीर करावी. अनेकांना तेव्हा प्रथमच कळेल की आपल्यासारखे बरेच आहेत.

वजनदार माणसे की साधे सभासद, या प्रश्नाला अभ्यासाने दिलेले उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमध्ये संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले याचा अभ्यास प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. परंतु ते पेरावे असा निर्णय घेताना सर्वाधिक प्रभाव शेजाऱ्यांचा पडला होता. आपल्याकडेही औषधाचे नाव कृषी सेवा केंद्रात कळते आणि फवारणी शेजारच्याची बाग पाहून होते. माहिती एका माणसाकडूनही पसरते. ज्यात पदरचा पैसा किंवा प्रतिष्ठा पणाला लागते ते वागणे मात्र आपल्याच जवळच्या दोघातिघांनी केलेले दिसल्याखेरीज सहसा उचलले जात नाही. डेमन सेंटोला यांनी २०१० मध्ये प्रयोगाने दाखवले की आरोग्याशी निगडित एक सवय, जेथे लोकांचे संबंध घट्ट आणि एकमेकांत गुंतलेले होते तेथे अधिक दूरवर आणि अधिक वेगाने पसरली. विखुरलेल्या दूरच्या ओळखींच्या जाळ्यात ती मागे पडली. त्यांच्याच २०१८ च्या प्रयोगात गटातील सुमारे २५ टक्के लोक ठामपणे नवी रीत धरून राहिले की उरलेला गट वळला. हा आकडा हल्ली फार मिरवला जातो. तो लहान गटांतील एका कृत्रिम खेळाचा आहे; थकबाकीच्या बाबतीत तो जसाच्या तसा लागू होईल असे मानू नये.

तेव्हा माझे मत असे: संपूर्ण गावात विखुरलेली दहा माणसे शोधण्याऐवजी एका चारीवरची एकमेकांना लागून असलेली पाच शेते धरा. आणि वरच्या भागातला एक माणूस मिळवाच. तो गावातला मोठा पुढारी असण्याची गरज नाही. वरच्या आणि मधल्या भागांत ज्याची सोयरीक किंवा भागीदारी आहे असा असला, तर अधिक चांगले. कायद्यानेही संचालक मंडळात कालव्याचा वरचा, मधला आणि शेवटचा असे तिन्ही भाग ठेवले आहेत. त्या तरतुदीचा उपयोग केवळ खुर्च्या भरण्यासाठी न करता याच कामी करावा.

कांदा_आणि_द्राक्ष

सर्वांचे वाचले. मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते ताईंना कदाचित आवडणार नाही.

येथे सर्वांनी असे गृहीत धरले आहे की ताईंची भीती हा अडथळा आहे आणि तो दूर केला की झाले. मला वाटते, या भीतीत थोडी माहितीही आहे. थकबाकीदार म्हणजे चुकार असे सरसकट समजणे निफाडसारख्या तालुक्यात तरी योग्य नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस अवकाळी पाऊस आणि गारपिटीने याच भागातल्या द्राक्षबागा झोडपल्या आणि पुढच्याच महिन्यात कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. त्या वर्षी ज्याच्या घरी दोन्ही पिके होती त्याने पाणीपट्टी मागे ठेवली असेल, तर त्याला आणि ऐपत असून न भरणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. ताई उभ्या राहिल्यावर त्यांना जे अडवते त्यात, आपण काहींवर अन्याय करू, ही जाणीवही असेल. ती दाबून टाकून बोलले तर सभेला ते लगेच कळते, आणि मग वरचे लोक याच अडलेल्यांना पुढे करून ठराव हाणून पाडतात. हे आमच्या भागात मी डोळ्यांनी पाहिले आहे: अडचणीतला अल्पभूधारक बोलायला उभा केला जातो आणि सात-आठ एकर बाग असलेला त्याच्या आडोशाला बसतो.

म्हणून ठरावातच दोन वाटा ठेवा. ज्याची खरोखर ओढाताण आहे त्याने अर्ज करावा, त्याला हप्ते बांधून द्यावेत, आणि पहिला हप्ता भरला की पाणी मिळावे. उरलेल्यांना सूट नाही. असे केले की आडोसा नाहीसा होतो.

तात्यांना अवश्य भेटा आणि सभेच्या बऱ्याच आधी भेटा. पण यजमानांना सोबत नेऊ नका, कारण ते आले की विषय घरचा होतो आणि घरच्या विषयात सुनेने सासऱ्यापुढे बोलायचे नसते, हा जुना कायदा लागू पडतो. संस्थेच्या सचिवांना घेऊन जा, थकबाकीचा उतारा त्यांच्यासमोर ठेवा आणि ठराव काय आहे ते जसेच्या तसे सांगा. मदत मागू नका आणि दटावूही नका. सभेत त्यांना काही नवे ऐकायला मिळता कामा नये, एवढाच त्या भेटीचा हेतू. ज्येष्ठ माणसाचा विरोध पुष्कळदा मुद्द्याला नसतो. आपल्याला न विचारता, सर्वांदेखत ऐकवले गेले, याला असतो.

पंचवटीतील_वाचक

अभियंता महोदयांनी म्हटले की शेजाऱ्याचा फायदा दिसला की गोष्ट पसरते. नाशिकच्याच इतिहासात याला उलटे उदाहरण आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. दुसऱ्या दिवशी मंदिराच्या चार दरवाजांवर १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी बसली. बाबासाहेब सतत नाशिकला नसत. येथली धुरा भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाड यांनी वाहिली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला आणि त्या काळात दरवाजे उघडले नाहीत. म्हणजे फायदा म्हणून दाखवण्यासारखे काहीच नव्हते, आणि गावोगावच्या सत्याग्रहींना परत जाऊन बहिष्कार सोसावा लागत होता. तरीही चळवळ वाढली, आणि तिचा परिणाम १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवल्यातील धर्मांतराच्या घोषणेपर्यंत पोहोचला.

पाणीपट्टीच्या प्रश्नाची त्या लढ्याशी बरोबरी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तेथे पणाला काय लागले होते आणि येथे काय, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुद्दा एवढाच की त्या दरवाजांवर कोणी एकटा बसलेला नव्हता आणि तुकडी सर्वांना दिसेल अशी बसत होती. शिवाय त्या पहिल्या तुकडीत स्त्रिया होत्या. तेव्हा ताईंनी शेवटच्या चाऱ्यांवरील ज्या स्त्रियांच्या नावावर शेत आहे त्यांना सभेला आग्रहाने बोलवावे आणि मागे भिंतीशी न बसवता पुढे बसवावे. पहिली रांग एकट्या तात्यांचीच का असावी?

निवृत्त_शाखा_अभियंता

वरच्या भागातला माणूस हवा, हे मान्य. हप्त्यांची सूचनाही उत्तम आहे. माझ्या मांडणीत ती नव्हती. आता ताईंच्या शंकेला, म्हणजे वरच्यांनी पाणी अडवले तर काय, याला उत्तर देतो, कारण ठराव कितीही चांगला झाला तरी त्याची परीक्षा आवर्तनाच्या पहिल्या रात्री चारीच्या दारावर होते.

पाणी बंद करण्याचे काम अध्यक्षाने स्वतः करू नये. संस्थेचा पाटकरी पाळीपत्रकाप्रमाणे (कोणाला कधी पाणी, याच्या तक्त्याप्रमाणे) दार उघडेल आणि बंद करेल, आणि पाळीपत्रकात नसलेल्याला पाणी द्यायचे असेल तर सचिवांच्या सहीची चिठ्ठी लागेल, असे ठरावात लिहून घ्यावे. म्हणजे रात्री कोणी पाटकऱ्याला दम दिला, तरी त्याच्याकडे दाखवायला कागद असतो आणि अध्यक्षांच्या दारात भांडण येत नाही. पहिल्या आवर्तनात शेवटच्या चारीपासून वर येत पाणी द्यावे. खालचे भिजवून झाल्यावर वरचे दार उघडायचे, ही पद्धत वरच्यांना सुरुवातीला जाचते, परंतु पाणी कोठे अडले ते तिच्यात लगेच उघड होते. रात्रपाळीला पाटकऱ्यासोबत वरच्या आणि खालच्या भागातला एकेक सभासद ठेवावा आणि दोघांनीही वेळेच्या नोंदीवर सही करावी.

सभेची तारीख आवर्तन सुटण्याच्या निदान तीन आठवडे आधीची धरा. पाणी अर्ज, थकबाकीचे हप्ते आणि पाळीपत्रक यांना तेवढा वेळ लागतोच. आणि पाळीपत्रकाचा कच्चा आराखडा सभेच्या आधीच भिंतीवर लावा; आपला तास त्यात आहे की नाही हे पाहायला प्रत्येक जण येईल, आणि सभेत चर्चा थकबाकी कोणाची यावरून सुरू होण्याऐवजी कोणाला किती वाजता पाणी मिळणार येथून सुरू होईल.